विश्लेषण : नाशिकच्या ठेवी नाशिकलाच कर्ज म्हणून मिळतात का? बँकांचा ‘सीडी रेशो’ कसा वाचायचा?

नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून देशाच्या नोटा छापल्या जातात. पण नाशिककरांनी बँकेत ठेवलेला पैसा जिल्ह्यातच कर्ज म्हणून फिरतो की बाहेर जातो, हे कळते रिझर्व्ह बँकेच्या एका तिमाही तक्त्यातून. दर काही महिन्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात बँक अधिकाऱ्यांची बैठक होते आणि ‘कर्जवाटपात बँकांचा हात आखडता’ अशी बातमी येते. लगेच ‘आपला पैसा मुंबईला नेतात’ अशी चर्चा व्हॉट्सअॅपवर रंगते. ही तक्रार किती खरी? सिन्नरचा लघुउद्योजक, निफाडचा द्राक्ष बागायतदार आणि सुरगाण्याचा भातशेतकरी या तिघांनाही लागू पडणारा हा आकडा समजून घेऊ.

नेमके कोणते आकडे जाहीर होतात?

रिझर्व्ह बँक दर तीन महिन्यांनी अनुसूचित व्यापारी बँकांच्या ठेवी आणि कर्जाची आकडेवारी प्रसिद्ध करते. त्यात राज्यनिहाय, जिल्हानिहाय, बँकगटनिहाय आणि प्रमुख केंद्रनिहाय तक्ते असतात. प्रत्येक शाखेकडून माहिती गोळा करण्याची ‘बेसिक स्टॅटिस्टिकल रिटर्न्स’ ही पद्धत १९७२ पासून सुरू आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या सविस्तर अहवालात शेती, उद्योग, गृहकर्ज, वाहनकर्ज अशी विभागणीही मिळते.

या तक्त्यांत बँक शाखांचे चार गट असतात. २०११ च्या जनगणनेनुसार १० हजारांहून कमी लोकवस्तीच्या ठिकाणची शाखा ग्रामीण, १० हजार ते १ लाखापर्यंत निमशहरी, १ लाख ते १० लाखांपर्यंत शहरी आणि १० लाखांच्या पुढे महानगरी. नाशिक शहराची लोकसंख्या २०११ मध्ये १४ लाख ८६ हजार होती. म्हणजे कॉलेज रोडवरची शाखा आकडेवारीत मुंबईच्या नरिमन पॉइंटच्या शाखेच्या रांगेत बसते. मालेगाव ‘शहरी’ गटात, तर सिन्नर, मनमाड, येवला ‘निमशहरी’ गटात येतात.

देशातल्या निम्म्याहून अधिक ठेवी महानगरी शाखांत आहेत आणि कर्जात त्यांचा वाटा त्याहून मोठा आहे. ग्रामीण शाखांच्या वाट्याला ठेवी आणि कर्ज या दोन्हींत जेमतेम दहावा हिस्सा येतो. जिल्ह्याचा आकडा वाचताना हे डोक्यात ठेवावे लागते.

‘सीडी रेशो’ म्हणजे काय?

सीडी म्हणजे क्रेडिट-डिपॉझिट. सरकारी मराठीत याला पत-ठेव गुणोत्तर म्हणतात. जिल्ह्यातल्या शाखांनी दिलेल्या कर्जाची येणे रक्कम भागिले त्याच शाखांतल्या ठेवी, गुणिले शंभर, इतका हा साधा हिशेब आहे. ठेवी १०० रुपये आणि कर्ज ६० रुपये असेल, तर सीडी रेशो ६० टक्के.

नाशिककरांना गंगापूर धरणाचे उदाहरण पटकन कळेल. धरणात साठलेले पाणी म्हणजे ठेवी. कालव्यातून आपल्या शिवारात सोडलेले पाणी म्हणजे स्थानिक कर्ज. उरलेले नदीतून खाली जायकवाडीकडे जाते. बँकेतही तसेच होते. शाखेत जमलेली आणि तिथे न खपलेली रक्कम बँकेच्या एकत्रित तिजोरीत जाते आणि मागणी असेल तिथे वापरली जाते. फरक एवढाच की पाणी उताराच्या दिशेने वाहते, तर बँकेचा पैसा कमी जोखमीच्या आणि मोठ्या रकमेच्या कर्जाकडे वाहतो.

किती प्रमाण चांगले समजायचे?

आधी बँकेच्या पातळीवर पाहू. प्रत्येक १०० रुपये ठेवीमागे बँकेला काही रक्कम बाजूला ठेवावीच लागते. रोख राखीव प्रमाण म्हणजे सीआरआर ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये जाहीर केला आणि तो चार टप्प्यांत लागू झाला. सरकारी रोख्यांत गुंतवावे लागणारे एसएलआर १८ टक्के आहे. दोन्ही मिळून २१ रुपये गेले, तर ७९ रुपये उरतात. भांडवल आणि बाजारातून घेतलेली उसनवारी हाताशी असल्याने बँका याहून जास्तही कर्ज देऊ शकतात. तरीही देशाचा सीडी रेशो ८० च्या आसपास पोहोचला की धोरणकर्ते सावध का होतात, हे या बेरजेवरून कळते.

जिल्ह्याला मात्र अशी मर्यादा नाही. सीआरआर-एसएलआर बँकेच्या मुख्यालयात मोजले जाते, शाखेत नाही. त्यामुळे एखाद्या जिल्ह्याचा सीडी रेशो १२० असू शकतो आणि शेजारच्या जिल्ह्याचा ४५. तमिळनाडू, आंध्र प्रदेश, तेलंगण या राज्यांचे प्रमाण अनेक वर्षे शंभरच्या वर आहे. बिहार आणि झारखंड दीर्घकाळ ५० च्या आसपास किंवा त्याखाली रेंगाळले. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात मुंबईतल्या चाकरमान्यांचा पैसा ठेवींत येतो, पण तेवढी कर्जाची मागणी तिथे निर्माण होत नाही.

महाराष्ट्राचा सीडी रेशो शंभरच्या जवळपास असतो. हे वाचून नाशिककरांनी हुरळून जाण्याचे कारण नाही. राज्यातल्या ठेवी आणि कर्जाचा बहुतांश भाग एकट्या मुंबईचा आहे. देशभरच्या मोठ्या कंपन्यांची कर्जे मुंबईतल्या शाखांत नोंदली जातात, म्हणून राज्याचा आकडा फुगलेला दिसतो. नाशिकची तुलना राज्याच्या सरासरीशी न करता मुंबई वगळून उरलेल्या महाराष्ट्राशी, किंवा पुणे, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर अशा जिल्ह्यांशी करायला हवी.

६० आणि ४० हे आकडे कुठून आले?

ग्रामीण आणि निमशहरी शाखांचा सीडी रेशो देशपातळीवर किमान ६० टक्के असावा, असे बँकांना १९८० मध्ये सांगण्यात आले. पुढे वाय. एस. पी. थोरात यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाच्या शिफारशींवरून रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००५ मध्ये जिल्ह्यांसाठी पायऱ्या ठरवल्या. सीडी रेशो ४० च्या खाली असेल, तर जिल्हास्तरीय सल्लागार समितीची विशेष उपसमिती नेमायची, दरवर्षी प्रमाण किती वाढवायचे याचा कृती आराखडा करायचा आणि त्याचा पाठपुरावा करायचा. ४० ते ६० असेल तर नेहमीच्या बैठकीत आढावा घ्यायचा. २० च्या खाली असेल, तर रस्ते, वीज, सिंचन यांसह प्रशासनाने विशेष लक्ष द्यायचे.

म्हणजे ६० ही उत्तीर्ण होण्याची रेषा आहे, पहिल्या वर्गाची नाही. आणि कमी प्रमाणाचे खापर एकट्या बँकेवर फोडता येत नाही, हेही या परिपत्रकात गृहीत धरलेले आहे. जिथे वीज नाही, पाणी नाही, माल बाजारात न्यायला रस्ता नाही, तिथे कर्ज घेऊन करायचे काय, हा प्रश्न उरतोच.

‘जिल्ह्याचा पैसा’ हा हिशेब कधी सुरू झाला?

या विचाराचे मूळ ज्या अर्थतज्ज्ञापर्यंत जाते, त्यांचा जन्म नाशिकचा. धनंजयराव गाडगीळ १९०१ मध्ये इथे जन्मले. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतले त्यांचे योगदान सर्वांना माहीत आहे. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर तीनच महिन्यांत, ऑक्टोबर १९६९ मध्ये, त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने ‘क्षेत्रनिहाय दृष्टिकोन’ सुचवला. प्रत्येक बँकेने देशभर विखुरलेले थोडे थोडे काम करण्यापेक्षा जिल्हा हा घटक धरावा आणि तिथल्या पतपुरवठ्याची जबाबदारी एका बँकेने पुढाकार घेऊन सांभाळावी, असा त्याचा आशय होता. नरिमन समितीने ती कल्पना उचलून धरली आणि डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना सुरू झाली.

नाशिक जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र. राज्यस्तरीय बँकर्स समितीचे निमंत्रकपदही याच बँकेकडे आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हास्तरीय सल्लागार समितीत जिल्ह्यातल्या सर्व बँका, रिझर्व्ह बँक आणि नाबार्डचे प्रतिनिधी बसतात. बातमीत येणारा सीडी रेशो बहुतेक वेळा या बैठकीतला असतो.

कर्ज मुंबईत मंजूर, वापर सिन्नरमध्ये, मोजायचे कुठे?

इथे पहिली मेख आहे. कर्ज दोन प्रकारे मोजता येते. एक, ते कुठल्या शाखेने मंजूर केले. दोन, ते प्रत्यक्ष कुठे वापरले गेले. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथे कारखाना असलेल्या मोठ्या कंपनीचे मुख्यालय मुंबई किंवा पुण्यात असू शकते. तिचे खेळते भांडवल तिथल्या कॉर्पोरेट शाखेतून मंजूर होते. यंत्रे सिन्नरमध्ये बसतात, पगार सिन्नरमध्ये होतात, पण मंजुरीच्या हिशेबाने कर्ज मुंबईच्या खात्यात पडते.

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. जिल्ह्यातल्या ठेवी १०० रुपये, स्थानिक शाखांचे कर्ज ६० रुपये आणि मुंबईत मंजूर होऊन इथे वापरलेले कर्ज १५ रुपये. मंजुरीनुसार सीडी रेशो ६०, वापरानुसार ७५. दोन्ही आकडे खरे आहेत, त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. ‘इथली शाखा इथल्या माणसाला कर्ज देते का?’ याचे उत्तर पहिल्यात मिळते. ‘इथल्या अर्थव्यवस्थेत बँकेचा पैसा किती?’ याचे उत्तर दुसऱ्यात.

२००५ च्या परिपत्रकानुसार राज्य पातळीवर वापराचे ठिकाण धरले जाते आणि त्यात ग्रामीण पायाभूत विकास निधीची रक्कमही मिळवली जाते. जिल्हा पातळीवर मात्र मंजुरीचे ठिकाण धरतात. म्हणून राज्याचा सीडी रेशो आणि जिल्ह्याचा सीडी रेशो शेजारीशेजारी छापून तुलना करणे म्हणजे एकाचे वजन किलोत आणि दुसऱ्याचे पौंडात सांगण्यासारखे आहे. दोन्ही आकडे कोणत्या आधारावर काढले, हे आधी विचारावे.

प्रमाण वाढले म्हणजे कर्ज वाढले का?

नेहमी नाही. दुसरी मेख अपूर्णांकाच्या गणितात आहे. ठेवी १०० आणि कर्ज ७० असताना सीडी रेशो ७०. पुढच्या वर्षी लोकांनी ठेवी काढून घेतल्या आणि त्या ९० वर आल्या, कर्ज ७० च राहिले, तर सीडी रेशो जवळपास ७८ होतो. एक रुपयाही नवे कर्ज न देता आकडा ‘सुधारला’.

उलटही घडते. समृद्धी महामार्ग इगतपुरी आणि सिन्नर तालुक्यांतून गेला. भूसंपादनाचा मोबदला शेतकऱ्यांच्या खात्यात जमा झाला की शाखेच्या ठेवी एकदम उडी घेतात. समजा ठेवी १०० वरून १३० झाल्या आणि कर्ज ७० वरून ८५. कर्जात चांगली १५ रुपयांची भर पडली, तरी सीडी रेशो ७० वरून ६५ वर घसरतो. बातमीचा मथळा ‘कर्जवाटप घटले’ असा येऊ शकतो आणि तो चुकीचा असेल. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी जिल्ह्यात पैसा येत असताना पुढच्या काही तिमाहींत ही चूक होण्याची शक्यता अधिक आहे.

तिसरी मेख हिशेबाच्या चौकटीची. १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली. तोवर कंपनीची गृहकर्जे व्यापारी बँकांच्या आकडेवारीत नव्हती. एका दिवसात ती बँकेची झाली. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटचे जुनेच कर्ज, जुनाच हप्ता, पण आकडेवारीत बँक कर्ज वाढले. त्यामुळेच रिझर्व्ह बँकेने पुढे देशपातळीवरची वाढ विलीनीकरणासह आणि त्याशिवाय अशी दोन्ही प्रकारे दिली. जिल्ह्याच्या तक्त्यात २०२३ ची उडी दिसली, तर ती सगळी नव्या कर्जाची नाही, हे लक्षात ठेवावे.

कर्ज निर्लेखित केले की येणे रक्कम कमी होते, हेही यातच आले. बँकेने बुडीत कर्ज ताळेबंदातून काढले, तर सीडी रेशो खाली जातो. वसुली सुरूच असते आणि कर्जदाराच्या सातबाऱ्यावरचा बोजाही तसाच राहतो.

जिल्हा बँक आणि पतसंस्था यात आहेत का?

नाहीत. अनुसूचित व्यापारी बँका म्हणजे सरकारी बँका, खासगी बँका, परदेशी बँका, ग्रामीण बँक आणि स्मॉल फायनान्स बँका. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, नागरी सहकारी बँका, पतसंस्था, बिगरबँक वित्तीय कंपन्या आणि मायक्रोफायनान्स संस्था या तक्त्याबाहेर आहेत. नाशिकसाठी ही फार मोठी वगळणी आहे. इथल्या शेतकऱ्याचे पीककर्ज पिढ्यान्‌पिढ्या गावातली विविध कार्यकारी सोसायटी आणि तिच्यामागची जिल्हा बँक या साखळीतून येत आले.

१४ नोव्हेंबर २०१६ रोजी जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली आणि आधी जमा झालेल्या नोटा कित्येक महिने पडून राहिल्या. त्या रिझर्व्ह बँकेकडे भरण्याची परवानगी जून २०१७ मध्ये मिळाली. त्या काळात नाशिकच्या जिल्हा बँकेतल्या खातेदारांना स्वतःचे पैसे काढण्यासाठी ताटकळावे लागले. पुढे थकबाकीच्या वसुलीसाठी जमिनींच्या लिलावाची कारवाई सुरू झाली, तेव्हा शेतकऱ्यांनी आंदोलने केली.

याचा आकडेवारीशी संबंध असा. सोसायटीतून कर्ज मिळणे अवघड झालेला शेतकरी राष्ट्रीयीकृत बँकेकडे वळला, तर व्यापारी बँकांचे शेतीकर्ज वाढलेले दिसते. पण जिल्ह्यातला एकूण पतपुरवठा वाढलाच असे नाही, फक्त दार बदलले. आणि ज्याला दुसरे दार उघडले नाही, तो कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर, अडत्याच्या उचलीवर किंवा सावकाराकडे गेला. त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

सरासरीत सुरगाणा कुठे दिसतो?

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि २०११ मध्ये लोकसंख्या ६१ लाखांवर होती. एका टोकाला नाशिक शहर आणि त्याच्या औद्योगिक वसाहती, मध्ये निफाड-दिंडोरीची द्राक्षे आणि लासलगावचा कांदा, तर दुसऱ्या टोकाला पेठ आणि सुरगाणा हे आदिवासी तालुके. रिझर्व्ह बँकेचा जिल्हा तक्ता या सगळ्यांना एका ओळीत बसवतो. शहरातल्या एका मोठ्या गृहप्रकल्पाचे कर्ज डोंगरातल्या अनेक गावांच्या पीककर्जाला सहज झाकून टाकते.

तालुक्यांची अडचण वेगवेगळी आहे. निफाडच्या बागायतदाराकडे तारण आहे, उत्पन्न आहे, पण एका अवकाळीत किंवा कांद्याच्या भावाच्या घसरणीत हप्ता चुकतो आणि पुढचे कर्ज अडते. सुरगाण्यात अनेकांची जमीन वनहक्काच्या दाव्याची, तुकड्याची किंवा सामायिक सातबाऱ्याची. शाखा दूर, कागद अपुरे आणि कर्जाची रक्कम इतकी लहान की बँकेला ते प्रकरण करण्याचा खर्चच जास्त वाटतो. पहिल्यासाठी पीकविमा आणि कर्ज पुनर्गठन महत्त्वाचे, तर दुसऱ्यासाठी बँक प्रतिनिधी, बचत गट आणि विनातारण कर्ज. शेतीसाठीच्या विनातारण कर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १ लाख ६० हजारांवरून २ लाख रुपये झाली आहे. हा बदल गावापर्यंत पोहोचला की नाही, हे जिल्ह्याच्या सीडी रेशोवरून कळणार नाही.

तालुकानिहाय आकडे अग्रणी बँकेकडे असतात. लोकप्रतिनिधींनी आणि पत्रकारांनीही जिल्ह्याच्या एका आकड्यावर समाधान न मानता ते मागायला हवेत.

‘पीककर्जाचे उद्दिष्ट पूर्ण’ या बातमीचे काय?

इथे वेगळाच आकडा वापरला जातो. सीडी रेशो येणे बाकी मोजतो, तर वार्षिक पतआराखडा वर्षभरातले वाटप मोजतो. मार्चअखेर गावोगावी चालणारे ‘नवे-जुने’ सर्वांना माहीत आहे. शेतकरी जुने पीककर्ज भरतो आणि काही दिवसांत तेच कर्ज, कधी थोडे वाढवून, पुन्हा उचलतो. भरण्यासाठी हाताशी रक्कम नसेल तर चार दिवसांसाठी व्याजाने काढतो. मुदतीत परतफेड केली तर केंद्र आणि राज्याच्या सवलती मिळून ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्याने पडते, म्हणून हा खटाटोप.

बँकेच्या वहीत हे ‘नवे वाटप’ होते आणि उद्दिष्टाच्या रकान्यात जमा होते. शेतकऱ्याच्या हातात मात्र नवा पैसा फार थोडा आलेला असतो. त्यामुळे वाटपाची टक्केवारी वाचताना किती खाती नव्याने जोडली गेली, हा प्रश्न त्याच दमात विचारावा.

पीककर्जासाठी बँका सिबिल स्कोअर पाहतात, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिल मागणाऱ्या बँकांवर कारवाईचा इशारा दिला. बँकांची बाजू अशी की कर्जमाफीच्या चर्चेने परतफेड थांबते. २०१७ मध्ये दीड लाखांपर्यंत आणि डिसेंबर २०१९ मध्ये २ लाखांपर्यंत अशा दोन कर्जमाफ्या राज्याने जाहीर केल्या. माफीची घोषणा झाली की नियमित फेडणारा स्वतःला फसवल्यासारखे समजतो आणि बँक पुढच्या हंगामात हात राखून वागते. कर्जमाफीने थकबाकी मिटते, पण पुढच्या पेरणीला कर्ज मिळेल याची हमी मिळत नाही.

ठेवी कुठे चालल्या?

आजवर चर्चा कर्जाची होती, आता ठेवींचीही होते. ऑगस्ट २०२४ च्या पतधोरणावेळी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी घरगुती बचत बँकांऐवजी इतर पर्यायांकडे वळत असल्याकडे लक्ष वेधले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये देशातील ‘एसआयपी’ची मासिक रक्कम पहिल्यांदा २० हजार कोटींच्या पुढे गेली. मोबाइलवरून महिन्याला ५०० रुपये म्युच्युअल फंडात टाकणारा नाशिकचा तरुण या बदलाचा भाग आहे. हा पैसाही शेवटी कुठल्या ना कुठल्या बँक खात्यात येतो, पण तो नाशिकच्या शाखेतून निघून मोठ्या शहरांतल्या खात्यांत जातो. स्थानिक शाखेची ठेव कमी होते आणि न मागता सीडी रेशो ‘सुधारतो’.

कर्जाचा चेहराही बदलला आहे. देशातल्या बँकांच्या कर्जात आता वैयक्तिक कर्जांचा, म्हणजे गृह, वाहन, सोनेतारण, क्रेडिट कार्ड यांचा वाटा उद्योगांच्या कर्जाहून मोठा आहे. अंबडमध्ये नवे यंत्र बसवण्यासाठी घेतलेले १० लाख आणि मोटारीसाठी घेतलेले १० लाख सीडी रेशोत सारखेच मोजले जातात. रोजगाराच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे. म्हणून प्रमाणासोबत त्याची फोड पाहणे आवश्यक ठरते.

मागे राहिलेल्या भागात कर्ज द्यावे म्हणून बँकांवर काही बंधन आहे का?

आहे. बँकांनी एकूण समायोजित कर्जाच्या ४० टक्के कर्ज प्राधान्य क्षेत्राला द्यायचे असते. त्यात शेतीसाठी १८ टक्के, तर सूक्ष्म उद्योगांसाठी साडेसात टक्के. ही अट देशपातळीवर पूर्ण करायची असल्याने बँका सोप्या जिल्ह्यांत ती भागवत. यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२० मध्ये जिल्हानिहाय वजन आणले. २०२४-२५ पासून ज्या जिल्ह्यात दरडोई प्राधान्य क्षेत्र कर्ज ९ हजारांहून कमी आहे, तिथे दिलेल्या नव्या १०० रुपयांच्या कर्जाला १२५ रुपयांचे श्रेय मिळते. ते ४२ हजारांहून जास्त असलेल्या जिल्ह्यात ९० रुपयांचेच. मोजमाप इथेही जिल्ह्याचे असल्याने सधन जिल्ह्यातला गरीब तालुका या सवलतीतून निसटतो.

उद्दिष्ट न गाठणाऱ्या बँकांना तुटीची रक्कम नाबार्डकडच्या ग्रामीण पायाभूत विकास निधीसारख्या निधींत ठेवावी लागते. १९९५-९६ पासूनच्या या निधीतून राज्य सरकारे ग्रामीण रस्ते आणि सिंचनाची कामे करतात. म्हणजे शेतकऱ्याला न दिलेले कर्ज वळसा घालून रस्त्याच्या रूपाने गावात येते. रस्ता हवाच, पण त्याने खरिपाचे बियाणे घेता येत नाही.

मग ‘आपला पैसा मुंबईला नेतात’ हे खरे की खोटे?

अर्धे खरे. शाखेत न खपलेला पैसा बाहेर जातो, त्यासाठीच बँकेचे जाळे असते. मुंबईत मंजूर झालेले काही कर्ज परत इथेच येते आणि जिल्ह्याच्या सीडी रेशोत ते दिसत नाही. पण इथल्या लहान उद्योजकाला आणि शेतकऱ्याला कर्ज मिळत नसेल, तर मुंबईमार्गे मोठ्या कंपनीसाठी परत आलेल्या पैशाने त्याचे समाधान होणार नाही. खरा प्रश्न जिल्ह्याबाहेर किती गेले यापेक्षा जिल्ह्यात कोणाच्या वाट्याला किती आले, हा आहे.

मोबाइलवर हे आकडे कसे तपासाल?

रिझर्व्ह बँकेच्या डेटा पोर्टलवर तिमाही ठेवी-कर्ज अहवालातला जिल्हानिहाय तक्ता मोफत मिळतो. महाराष्ट्र राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या संकेतस्थळावर बैठकांची टिपणे असतात. तपासताना पाच गोष्टी पाहा :

– तारीख कोणती? मार्चची तुलना मार्चशीच करा. मार्चअखेर बँका ठेवी वाढवून दाखवतात आणि पीककर्जाचे नवे-जुनेही तेव्हाच होते.
– कर्ज मंजुरीच्या ठिकाणानुसार की वापराच्या?
– फक्त व्यापारी बँका की सहकारी बँकाही धरल्या आहेत?
– टक्केवारीसोबत ठेवी आणि कर्जाचे मूळ आकडे दिले आहेत का?
– येणे बाकी की वर्षभरातले वाटप?

कर्ज नाकारले तर काय करता येते?

अर्ज नेहमी लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी नकाराची नोंद कुठेच होत नाही. आकडेवारीत असा माणूस ‘कर्जाची मागणी नाही’ या सदरात हरवतो. अर्ज फेटाळल्यास त्याचे मुख्य कारण बँकेने लेखी कळवावे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. आधी शाखा आणि बँकेची तक्रार यंत्रणा, त्यानंतर जिल्हा अग्रणी व्यवस्थापक असा क्रम ठेवा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कर्ज द्यायचे की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय लोकपाल बदलत नाही. अर्ज न स्वीकारणे, कारण न देणे, विनाकारण विलंब अशा सेवेतल्या त्रुटींची दखल मात्र घेतली जाते.

जिल्ह्याच्या पुढच्या बँकर्स बैठकीत सीडी रेशो पुन्हा सांगितला जाईल. त्या वेळी किती लेखी अर्ज आले, किती फेटाळले आणि ते कोणत्या तालुक्यातले होते, हे तीन आकडेही जाहीर करायला सांगितले पाहिजे. सुरगाण्याच्या शेतकऱ्याची नोंद त्या टक्केवारीत नसेल, पण या तीन आकड्यांत असेल.